पाठीवरचे पांढरे केस

दिवाळी सरली आणि एक धनगरवाडा कोकणाच्या वाटेला लागला. आठ बिऱ्हाडं, ५०० च्या वर मेंढरं, चार कुत्री आणि बारा घोडी. त्यांचा मुलूख फलटणच्या पुढचा, कोरडा. तिथे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी माणसं देवाला नारळ फोडतात. खाली कोकणात त्याच्या पाच-सहा पट पडतो. भाताची कापणी झाली की तिथली रानं मोकळी होतात. मेंढरांना चारा मिळतो, शेतकऱ्याला शेतात मेंढरं बसवून खत मिळतं, धनगराला भात मिळतो. पावसाळ्याच्या आत मात्र परत वर यायचं, कारण दख्खनी मेंढराचे खूर कोकणच्या ओलीत टिकत नाहीत. बापजाद्यांपासून हे असंच चालत आलं होतं.

वाड्यात कामाची वाटणी ठरलेली होती. पुरुष मेंढरांमागे रानारानानं जात. संसार घोड्यांवर लादायचा, घोडी हाकत पुढच्या मुक्कामाला न्यायची, पालं उभारायची, चूल पेटवायची, हे सगळं बायकांचं. तेव्हा मेंढरांचं पुरुषांना जेवढं कळे, तेवढंच घोड्यांचं बायकांना कळे. ती घोडी म्हणजे भीमथडी तट्टं होती. अंगानं लहान, पायानं चिवट. एके काळी मराठ्यांच्या फौजा या तट्टांवरून दूरदूरच्या मुलखात गेल्या. आता ती बहुतेक धनगरांच्या वाड्यांतच उरली आहेत.

भोरच्या पुढे, सह्याद्रीच्या पायरीशी वाडा थांबला. इथून वरंध घाटाच्या डांबरी रस्त्यानं उतरायची रीत होती. पण आदल्या वर्षी त्या रस्त्याच्या एका वळणावर मालट्रकखाली एक शिंगरू सापडलं होतं. त्याची आई तीन दिवस मागे वळून वळून बघत चालली होती. ते कोणी विसरलं नव्हतं. म्हणून यंदा कारभाऱ्यानं जंगलातली जुनी पायवाट धरायचं ठरवलं. तो पुढे जाऊन वाट बघून आला. वनरक्षकाला भेटून आला. जंगलात दोनच रात्री मुक्काम, जाळ फक्त मोकळ्या जागी आणि निघताना विझवून, झाड तोडायचं नाही, अशा अटींवर परवानगी मिळाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या गावात मेंढरं बसवायचा शब्दही त्यानं एका शेतकऱ्याला देऊन ठेवला होता.

आता घोड्यांचा बेत उरला. दर वर्षी तो बेत एक म्हातारी करायची. यंदा तिची कंबर धरली होती. ती म्हणाली, “माझी सून करंल. तिला लिवता-वाचता येतं, हिशेब येतो. मी बसून बघते.”

सून लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी वाड्यात आलेली. तिचं माहेर शेतकऱ्याचं, एका जागी राहणारं. पण ती चटपटीत होती आणि मनापासून काम करणारी होती. तिनं वही घेतली आणि बिऱ्हाडाबिऱ्हाडात जाऊन विचारलं, “तुमचं काय काय न्यायचं?”

प्रत्येकानं सांगितलं. पिठाची पोती, तांदूळ, भांडी, पालाची कापडं, गोधड्या, घोंगड्या, मेंढरं कोंडायची वाघूर आणि तिच्या खुंट्या, पाण्याचे कॅन, कोंबड्यांच्या डालग्या, नुकती जन्मलेली कोकरं, दोन रांगती मुलं. एकानं सौर दिवा सांगितला, एकीनं जातं. सुनेची स्वतःची एक लोखंडी पेटी होती, माहेराहून आलेली. तीही तिनं लिहिली. मग मुक्काम लिहिले. पहिली रात्र वरच्या सपाटीवर. तिथे उघडं आभाळ, भोवती झाडी नाही, बिबट्याचं भय कमी. माणसांच्या पिण्यापुरतं एक कातळातलं टाकंही होतं. दुसरी रात्र उताराच्या मध्यावर, एका राईत.

रात्री शेकोटीपाशी तिनं बेत वाचून दाखवला. काहीच सुटलं नव्हतं. मुलं कोणाच्या घोडीवर, कोकरं कुठल्या डालगीत, भाकऱ्या कधी भाजायच्या, सगळं होतं. कारभाऱ्यानं मान डोलावली. बायकाही खूष झाल्या, कारण ज्यानं जे मागितलं ते त्याच्या वाट्याला आलं होतं. म्हातारी काही बोलली नाही.

माणसं पांगल्यावर तिनं सुनेला हाक मारली. “बॅटरी घे. तांबडीकडं चल जरा.”

तांबडी ही त्या घरची सगळ्यात जुनी घोडी. वय वीसच्या आसपास. तोंडावरचे केस पिकलेले, पण चाल अजून सरळ. तिच्या तांबूस पाठीवर पांढऱ्या केसांचे चार-पाच ठिपके होते. सुनेला ते पहिल्या दिवसापासून आवडायचे. ती पोरांना सांगायची की आपल्या तांबडीच्या पाठीवर चांदण्या आहेत.

म्हातारीनं एका ठिपक्यावर बोट ठेवलं. “ह्यो काय हाय?”

“चांदणी,” सून हसून म्हणाली. “जन्माचीच असंल न्हवं, आत्याबाई?”

“जन्मली तवा हिच्या अंगावर एक बी पांढरा केस नव्हता.”

मग म्हातारीनं एकेक ठिपका दाखवला. मणक्याच्या डावीकडचा होता तो वाघुरीच्या खुंटीचा. खुंट्या गोधडीत गुंडाळून लादल्या होत्या, एक निसटून आत गेली. दोन दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही. कातडी फाटली, जखम भरली, पण त्या जागी केस उगवला तो पांढरा. दुसरा ठिपका एका लग्नाच्या वऱ्हाडाचा. मुहूर्त गाठायचा म्हणून दुपारचं ओझं उतरवलंच नाही. तिसरा डालगीच्या कडेचा. जोराचा दाब फार वेळ एका जागी बसला की केसाच्या मुळातला रंग मरतो, तो परत येत नाही. घोड्याच्या पाठीवर असा ठिपका दिसला की समजावं, या ठिकाणी कोणाचा तरी बेत चुकला होता.

शेवटचा ठिपका मानेच्या बुडाशी होता, सगळ्यांत मोठा, तळहाताएवढा. त्यावर म्हातारीनं हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

“ह्यो माझा,” ती म्हणाली. “तुजा नवरा तवा चार वर्साचा होता. ताप उतरंना. तीन मजलांची वाट आमी एका दमात तोडली. ना पाठ मोकळी केली, ना गादी बघितली. दवाखाना गाठला, पोरगं वाचलं. दुसरं काय करणार होते मी? पर पोराच्या जिवाचं मोल हिनं दिलं, आन् तिला कुणी इचारलं न्हवतं.”

सून घोडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बॅटरीच्या उजेडात ते पांढरे केस तिला आता वेगळे दिसत होते.

थोड्या वेळानं म्हातारी म्हणाली, “तू समद्यांना इचारलंस, चांगलं केलंस. बारा जणी राहिल्या.”

त्या रात्री सुनेनं वहीचं पान फाडलं नाही. त्याच्या मागच्या बाजूला नवा बेत मांडला, आणि या वेळी सुरुवात घोड्यांपासून केली.

पहिला हिशेब पाण्याचा. एका तट्टाला दिवसभराच्या चालीनंतर २५ ते ३० लिटर पाणी लागतं. बारा घोड्यांचं ३०० लिटरच्या वर झालं. सपाटीवरच्या टाक्यात घोडं उतरू शकत नाही. म्हणजे अंधारात, थकल्या हातांनी, वीस-बावीस हंडे उपसायचे. तेवढे कोणी उपसणार नाही हे तिला ठाऊक होतं. चार-पाच घोडी अर्धी तहानलेली राहतील, आणि तहानलेलं घोडं कोरडा चारा नीट खात नाही, त्याचं पोट दुखायला लागतं. घोड्याला ओकता येत नाही. एकदा पोटात बिघडलं की ते बाहेर काढायचा त्याला मार्गच नसतो. सपाटीच्या पुढे तासाभराच्या वाटेवर वाहता ओढा होता. मुक्काम तिथेच हवा.

दुसरा हिशेब ओझ्याचा. मेंढरांना लस टोचायला आलेल्या डॉक्टरानं मागे तांबडीच्या छातीभोवती दोरी धरून तिचं वजन २२० किलोच्या आसपास सांगितलं होतं. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे जेमतेम ४५ किलो, आणि त्यात गादी, दोर, सगळं आलं. तिनं पहिल्या यादीप्रमाणे बेरीज केली. प्रत्येक घोडीवर ६० किलोच्या पुढे ओझं जात होतं. एवढं घेऊन ती ओढ्यापर्यंत दिवसाउजेडी पोचणार नव्हती.

सकाळी तिनं हे कारभाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग तीन रात्री कर.”

“परवानगी दोनच रात्रींची हाय, मामा.”

“मग घोडी एक दिस मागनं येऊ देत.”

“वाघूर घोड्यांवर हाय. ती आली न्हाई तर मेंढरं रानात कशात कोंडायची?”

कारभारी गप्प झाला. तोही वाईट माणूस नव्हता, त्याच्या डोक्यावर ५०० मेंढरांचा आणि दिलेल्या शब्दाचा भार होता. शेवटी त्यानं विचारलं, “मग करायचं काय?”

“ओझं कमी करायचं. प्रत्येकाची घोंगडी प्रत्येकाच्या खांद्यावर. एका दिसाच्या भाकरी ज्याच्या त्याच्या फडक्यात. जातं आन् माझी पेटी इथंच गावात ठेवायची, परतताना घ्यायची. कॅन रिकामे न्यायचे, वाटंत पाणी हाय.”

एक-दोघांनी नाकं मुरडली. दिवसभर मेंढरांमागे पळणाऱ्याच्या खांद्यावर आणखी घोंगडी कशाला, असं एक जण म्हणाला, आणि त्याचंही खोटं नव्हतं. जातं सांगणारी बाई तर रुसूनच बसली. तेव्हा कारभारी उठला, ढिगातून स्वतःची घोंगडी ओढून काढली आणि खांद्यावर टाकली. मग कोणी बोललं नाही. सुनेनं सगळ्यांदेखत पेटी उघडली, आतली लुगडी एका बोचक्यात बांधली आणि रिकामी पेटी गावातल्या ओळखीच्या घरी ठेवून आली.

उरलेलं सगळं तिनं तोललं. लोकर तोलायचा काटा होताच. डाव्या गोणीत जेवढं, उजव्या गोणीत तेवढंच. एका बाजूला दोन किलो जास्त झाले तरी गादी हळूहळू तिकडे सरकते आणि मणका घासत जाते. टणक ते बाहेरच्या अंगाला, मऊ ते घोडीच्या अंगाला. म्हातारी बसल्या जागेवरून बघत होती आणि अधूनमधून एखादा शब्द सांगत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाडा हलला.

जंगलाची वाट सुरू झाली. आधी कारवीचं रान, मग हिरडा, जांभूळ, अंजन. वर झाडांची छपरं जुळलेली, खाली पाचोळा. मेंढरं बाजूच्या उघड्या अंगानं गेली. घोडी एकामागे एक चालली. पुढे तांबडी, कारण तिला घाई नव्हती आणि बाकीच्या तिच्या चालीनं चालत. ओहोळाकाठी कण्हेर फुललेली दिसली की बायका घोड्यांची तोंडं वर धरत. कण्हेरीचं पान जनावराच्या पोटात गेलं तर जीव घेतं.

दुपारी थांबल्यावर सुनेनं आधी सगळी ओझी उतरवायला लावली. जेवण नंतर. गाद्या काढून एकेक पाठ बघत ती निघाली. पाठी घामानं ओल्या होत्या, सारख्या ओल्या, तशाच हव्या होत्या. त्यांच्या घरच्या तरुण कुमाइत घोडीपाशी मात्र ती थांबली. सगळी पाठ ओली आणि मधे अर्ध्या तळहाताएवढी जागा अगदी कोरडी.

शेजारची बाई म्हणाली, “कोरडं हाय म्हंजी बरंच हाय की.”

“न्हाई,” सून म्हणाली. “तिथं इतका दाब बसलाय की घाम बी फुटला न्हाई.”

तिनं त्या बाजूची गोणी उलगडली. गोधड्यांच्या घडीत, अगदी आतल्या अंगाला, खलबत्त्याचा लोखंडी बत्ता निघाला. यादीत तो नव्हता. तिनं तोललेल्यातही नव्हता. मागाहून कोणीतरी घातला होता.

तिनं वर बघितलं. म्हातारी दोन पावलांवर उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. पहाटे निघता निघता तिला बत्ता राहिलेला दिसला होता. एवढ्याशा बत्त्यानं काय होतंय, असं म्हणून तिनं तो गोणीत सारला होता. चाळीस वर्षं घोडी लादलेल्या बाईनं.

सून एक अक्षर बोलली नाही. तिनं बत्ता बाजूला ठेवला, कोरड्या जागेवर ओलं फडकं धरलं, मग तळव्यानं हळूहळू चोळलं. कातडी शाबूत होती, जरा गरम लागत होती एवढंच. उरलेल्या वाटेवर त्या घोडीवर फक्त कोंबड्यांची डालगी ठेवायची, असं तिनं ठरवलं. म्हातारीनं पुढे होऊन बत्ता उचलला, पदरात बांधला आणि कंबरेला खोचला. त्या दुखऱ्या कंबरेनं तो बत्ता तिनं कोकणापर्यंत वाहिला. कोणी मागितला तरी दिला नाही.

दिवस मावळायच्या आत वाडा ओढ्यावर पोचला. माणसांचं पाणी वरून भरलं, घोडी खालच्या अंगाला नेली. त्या किती पाणी प्यायल्या ते बघण्यासारखं होतं. मान खाली घालून, कान पुढे-मागे हलवत, शांतपणे पीत राहिल्या. मग त्यांना ओढ्यापासून दूर नेलं. झाडाच्या बुंध्याला बांधलेलं घोडं रात्रभर साल कुरतडतं आणि टापांनी मुळं उकरतं. म्हणून सुनेनं दोन ऐनाच्या झाडांना आधी गोणपाट गुंडाळलं, त्यांच्यामध्ये डोक्याच्या उंचीवर आडवी दोरी ताणली आणि तिला एकेक घोडी बांधली, शेजारणीचं तोंड लागेल इतकी जवळ, दोर पायात अडकणार नाही इतकी आखूड. आधी कडबा दिला आणि हरभऱ्याची चंदी त्या निवल्यावर तोबऱ्यात भरून लावली.

मध्यरात्री बाराही घोड्यांचे कान एकदम डोंगराकडे वळले. एकही खिंकाळली नाही. कुत्री उठली, पुरुषांनी निखारे फुंकले, वाघुरीभोवती माणसं उभी राहिली. झाडीत काही तरी चाललं, थांबलं आणि निघून गेलं. घोड्यांचे कान हळूहळू सैल झाले, तेव्हा माणसंही झोपली. कारभारी सकाळी म्हणाला की त्या तहानेनं तळमळत असत्या, तर इकडे कोणाचं लक्ष असतं?

दुसरा दिवस उताराचा. उतारावर ओझं मानेकडे धावतं, तेव्हा शेपटीखालून घेतलेली दुमची घट्ट केली, आणि सपाटी आली की परत सैल केली. दुसरा मुक्काम ठरलेल्या राईत झाला. तिसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या वेळेला भाताची पिवळी खाचरं दिसली.

बेत आखायला बसलं की जो बोलतो त्याची गरज बेतात उतरते. जो बोलत नाही त्याच्या वाट्याला उरलेलं येतं, आणि बहुतेक वेळा ओझं त्याच्याच पाठीवर असतं. यात कोणी दुष्ट असतो असं नाही. घाई असते, शब्द दिलेला असतो, एखादं लेकरू तापानं फणफणत असतं. कधी नुसता एक बत्ता राहिलेला असतो. अशा वेळी सगळ्यांत जाणत्या माणसाच्या हातूनही चुकतं. म्हणून ज्याला विचारता येत नाही, त्याच्या पाठीवरून रोज हात फिरवावा लागतो.

खालच्या गावात शेतकरी वाट बघत होता. किती रात्री मेंढरं बसवायची, रात्रीला किती भात, याची बोलणी कारभाऱ्यानं सुरू केली. भाव ठरत आला, तेव्हा तो थांबला आणि बायकांकडे बघून म्हणाला, “सूनबाई, तुजं काय?”

सून पुढे आली. “बारा घोड्यांना रोजचा पेंढा पायजे. कोरडा, बुरशी नसलेला. त्यो भातातनं कापायचा न्हाई, येगळा.”

शेतकऱ्यानं आजवर घोड्यांचं मागणं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं उडवीकडे बघितलं, मग घोड्यांकडे बघितलं आणि विचारलं, “रोजच्या किती पेंढ्या?”

सुनेनं वही उघडली.